आबाजींची रेघ

फुरिये हे नाव मी पहिल्यांदा शेगावला ऐकलं. तिथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला गणिताचा एक पेपर होता, त्याला सगळे ‘एम-थ्री’ म्हणत. फुरियेवर एक प्रश्न त्यात हमखास यायचा. लहर कितीही गुंतागुंतीची असो, तिची साध्या लहरींमध्ये फोड करता येते, हे वाक्य मी उत्तरपत्रिकेत लिहिलं, मार्क मिळवले आणि विसरून गेलो. धातूतून उष्णता कशी पसरते याचा विचार करता करता त्या फ्रेंच गणितज्ञाला हे सुचलं आणि १८२२ साली त्याने त्यावर ग्रंथ लिहिला, एवढंही मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आमच्या देवळात रोज संध्याकाळी हरिपाठाला वाजणाऱ्या मृदंगाशी त्या वाक्याचं काही नातं असेल, हे तर मनातही आलं नाही. ते नातं मला कळलं ते एका म्हाताऱ्या मृदंगवादकामुळे आणि ब्राउझरमध्ये फुकट मिळणाऱ्या एका सोयीमुळे. आज मी जे काही काम करतो, आणि जे थोडंफार ऐकू शकतो, ते या दोघांचं देणं आहे.

आमचं गाव खामगाव तालुक्यातलं. आबाजी आमच्या नात्यातले नव्हेत, पण सारं गाव त्यांना आबाजीच म्हणतं. कपाशी आणि तुरीची कोरडवाहू शेती, गळ्यात माळ, आणि जमेल त्या वर्षी शेगावच्या पालखीबरोबर पायी पंढरपूर. हरिपाठ असो की काल्याचं कीर्तन, मृदंगावर तेच. आम्ही पोरं टाळ घेऊन मागे उभी राहायचो. मृदंगाला हात लावायची मुभा नव्हती. मला एकच काम मिळालं होतं, कणीक भिजवायचं.

ज्यांनी मृदंग जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. उजव्या पुडीवर, म्हणजे त्या बाजूच्या ताणलेल्या कातड्यावर, कायमची काळी शाई असते. डाव्या पुडीवर, म्हणजे धुम्यावर, ती नसते. तिथे प्रत्येक वेळी वाजवण्याआधी भिजवलेल्या कणकेचा थर द्यायचा आणि वाजवून झालं की तो खरवडून काढायचा. आबाजी माझ्या हातचा गोळा घ्यायचे, ओल्या बोटांनी पुडीच्या मध्यावर पसरायचे, एक थाप द्यायचे आणि मान किंचित तिरपी करून ऐकायचे. मग चिमूटभर कणीक काढायचे, पुन्हा थाप. पुन्हा चिमूटभर लावायचे. हे बराच वेळ चालायचं. मला तो पूजेतल्यासारखा एखादा विधी वाटायचा. ते नेमकं काय ऐकतात, हे मी कधी विचारलं नाही. विचारायचं असतं हेही कळत नव्हतं.

पुढे पुण्यात नोकरी लागली. वेबसाइटवरचे फॉर्म, तक्ते, बटणं, असलं काम. ब्राउझरमध्ये आवाजाचं पृथक्करण करता येतं हे मला तिथेच समजलं. गूगलमध्ये काम करणाऱ्या ख्रिस रॉजर्स यांनी २०१० च्या सुमारास वेब ऑडिओची ही रचना मांडली होती. मोझिलाच्या लोकांनी त्याच सुमारास आपली वेगळी वाट करून पाहिली होती. पुढे सगळ्या ब्राउझरांनी मिळून एकच पद्धत स्वीकारली, पॉल अदनो आणि हाँगचान चोई यांच्यासारख्या संपादकांनी तिचा मसुदा वर्षानुवर्षं घासूनपुसून नीट केला आणि १७ जून २०२१ रोजी ती अधिकृत मानक झाली. त्या मसुद्याचं पान न् पान कुणालाही वाचायला खुलं होतं. माझ्यासारख्या, परदेशी विद्यापीठाचं तोंडही न पाहिलेल्या माणसाला हे किती मोठं दान होतं, ते शब्दांत मावणार नाही.

वेब ऑडिओमध्ये ‘ॲनालायझर’ नावाचा एक घटक आहे. मायक्रोफोनकडून सेकंदाला बहुतेक वेळा ४८,००० आकडे येतात. ॲनालायझर त्यांतले शेवटचे २,०४८ उचलतो, फुरियेच्या रीतीने त्यांची फोड करतो आणि कोणत्या कंपनसंख्येला किती जोर आहे याचे १,०२४ आकडे हातात देतो. पडदा सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगवला की आवाजाचं हलतं चित्र तयार होतं. हीच फोड सरळसोट पद्धतीने केली तर एका चित्रामागे चाळीस लाखांवर गुणाकार होतील. कूली आणि ट्यूकी या दोघांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या युक्तीने ते काम काही हजारांत उरकतं. साध्या फोनवर हे चालतं ते त्यामुळे.

मी दहा-पंधरा ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. गाणं लावलं की रंगीत पट्ट्या उड्या मारायच्या. मित्रांना दाखवलं, सगळ्यांना आवडलं. पट्ट्या कशामुळे उडतात आणि काय सांगतात, याची मला उत्सुकता नव्हती. चित्र हलतंय, एवढ्यावरच मी खूश होतो.

२०२० साली कोरोनाच्या काळात मी गावी परतलो, घरून काम सुरू झालं. देवळं बंद, सप्ताह बंद, त्या वर्षी पायी वारीही झाली नाही. मग गावाने फोनवरून हरिपाठ करायचं ठरवलं. चार घरी चार फोन, आणि माझ्याकडे तांत्रिक जबाबदारी. दुसऱ्याच दिवशी आबाजींचा निरोप आला.

“बापू, विणा कुठी गेली रे? तिकडच्यायले आयकूच येत नाई म्हंतात.”

वीणेकरी तर फोनच्या पुढ्यातच उभे होते. मृदंग ऐकू येत होता, टाळ येत होते, वीणा मात्र दोन-तीन सेकंदांनी विरून जायची. शोधता शोधता मी पहिल्यांदाच तो मसुदा आणि मायक्रोफोनसंबंधीचे नियम नीट वाचायला बसलो. बोलण्यासाठी मायक्रोफोन उघडला की ब्राउझर सहसा स्वतःहून तीन गोष्टी करतो. प्रतिध्वनी काढतो, गोंगाट दाबतो आणि आवाजाची पातळी आपल्या मनाने कमीजास्त करतो. गोंगाट कशाला म्हणायचं? जो आवाज सतत एकसारखा येतो तो, पंख्याचा किंवा मोटारीचा. आता वीणेचं कामच मुळी सतत एकसारखा षड्ज धरून ठेवायचं. ज्या नादाच्या आधारावर सगळे गातात, तोच यंत्राच्या लेखी कचरा ठरत होता. तिन्ही सोयी बंद करता येतात, त्यासाठी प्रोग्रॅममध्ये एकेक शब्द लिहावा लागतो. तसं एक पान मी तयार केलं. वीणा परत आली. पातळी सारखी करणारी सोय बंद केल्यावर मृदंगाची हलकी थाप आणि भरदार थाप यांतला फरकही परत आला. तो इतके दिवस हरवलेला होता, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आबाजींच्या आलं होतं.

त्या उन्हाळ्यात आबाजींनी मला एक गोष्ट सांगितली. ती त्यांनी घरातही कुणाला सांगितली नव्हती. कान उतरत चालले होते. वय होतंच, आणि उभं आयुष्य कानाशी टाळ वाजलेले. बोलणं समजायचं, ताल समजायचा, पण मृदंग लावताना बारीक फरक हाताशी लागेनासे झाले होते. “कोनतं घर चढलं, कोनतं उतरलं, मले आता समजत नाई,” ते म्हणाले. दुसऱ्या कुणाकडून लावून घेणं त्यांना जड जात होतं.

मी मोठ्या उत्साहाने माझ्या रंगीत पट्ट्या त्यांच्यापुढे धरल्या. त्यांनी थाप मारली, पट्ट्या उसळल्या. ते बराच वेळ पाहत राहिले.

“यातला माहा मृदंग कोनता?”

मला उत्तर देता आलं नाही. माझं सगळं पुढचं शिक्षण त्या एका प्रश्नातून निघालं.

उत्तर का देता आलं नाही, ते हिशेब मांडल्यावर कळलं. सेकंदाला ४८,००० आकडे आणि एका वेळी उचललेल्या २,०४८ आकड्यांची खिडकी, म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांत सुमारे २३ हर्ट्झचं अंतर. हार्मोनियमवरची मधली काळी एक साधारण २७७ हर्ट्झची, तिच्या लगतची पांढरी दोन २९४ ची. दोघींत सतराच हर्ट्झ. म्हणजे मृदंग काळी एकला लागला आहे की पांढरी दोनला, इतका ढोबळ फरकसुद्धा माझ्या त्या देखण्या चित्रात दिसणं शक्य नव्हतं. शिवाय ॲनालायझर चित्र गुळगुळीत दिसावं म्हणून दर वेळी आधीच्या चित्राचे ऐंशी टक्के आणि नव्याचे वीस टक्के मिसळतो. संगीताच्या तालावर पट्ट्या नाचवायला ते छान. मृदंगावरची थाप मात्र त्यात पुसट होते. हे दोन्ही आकडे बदलता येतात, हेही मसुद्यातच लिहिलेलं होतं.

खिडकी ३२,७६८ पर्यंत वाढवता येते. तेवढी वाढवली की दोन पट्ट्यांमधलं अंतर दीड हर्ट्झच्याही आत येतं. पण तेवढे आकडे जमायला सेकंदाचा दोन तृतीयांश भाग जातो, आणि तेवढ्या वेळात वाजलेलं सगळं एकाच चित्रात एकवटतं. सुटी थाप लख्ख दिसते, पण ‘तिटकतगदिगन’ वाजवलं तर सगळे बोल एकात एक मिसळतात. खिडकी लहान केली तर प्रत्येक बोल वेगळा दिसतो, पण स्वर नक्की कोणता ते सांगता येत नाही. यातून सुटका नाही. तो गणिताचाच नियम आहे आणि कोणतंही यंत्र त्याला अपवाद नाही. आबाजींना हे कसं समजावून सांगावं, असा मला प्रश्न होता. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मंग बराबर हाय. सूर पाहाचा असन त थांबा लागते.” मृदंग लावताना ते एक थाप मारून ती पूर्ण विरेपर्यंत दुसरी का मारत नसत, ते मला त्या दिवशी उमजलं.

मग मी पट्ट्या काढून टाकल्या. काळ्या पडद्यावर एकच पांढरी रेघ ठेवली. जिथे जोर असेल तिथे तिला शेंडा येतो. काळी एक कुठे, तिची दुप्पट कुठे, तिप्पट कुठे, याच्या फिकट खुणा मागे काढल्या. आबाजी तिला ‘रेघ’च म्हणत, आणि गावात तेच नाव पडलं.

पहिल्यांदा त्यांनी रेघेपुढे उजवी पुडी वाजवली तेव्हा शेंडे जवळजवळ सारख्या अंतरावर उभे राहिले. मी चकित झालो, कारण एम-थ्रीच्याच पुस्तकात गोल पडद्याच्या कंपनांचं गणित होतं आणि त्याची उत्तरं अशी सरळ नव्हती. साध्या ताणलेल्या गोल कातड्याच्या मूळ स्वरावर जे उपस्वर येतात ते त्याच्या १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट असे विस्कळीत असतात. म्हणून साध्या ढोलाला नेमका स्वर नसतो. इथे तर दुप्पट, तिप्पट, चौपट, अशी रांग लागली होती.

याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वी सर सी. व्ही. रामन यांनी दिलेलं होतं. १९२० साली त्यांनी आणि शिवकाली कुमार यांनी ‘नेचर’मध्ये भारतीय तालवाद्यांवर एक छोटं टिपण लिहिलं. १९३४ साली बंगळूरला भारतीय विज्ञान अकादमीची स्थापना झाली, आणि तिच्या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात रामन यांचा याच विषयावरचा सविस्तर लेख आला. मध्यावरच्या शाईचा थर पुडीचं वजन अशा रीतीने वाटून देतो की विस्कळीत उपस्वर पूर्णांकांच्या पटीत येऊन बसतात. पहिल्या पाच स्वरांची रांग त्यांनी दाखवली. त्यांच्याकडे पडदा नव्हता. पुडीवर बारीक वाळू भुरभुरून त्यांनी थाप मारली. जिथे कातडं हलत नाही तिथे वाळू गोळा झाली, आणि त्या आकृत्यांचे फोटो छापले. मी तो लेख पुन्हा पुन्हा वाचला. अकादमीने जुने अंक सर्वांसाठी खुले ठेवले आहेत, त्यामुळेच खामगाव तालुक्यातल्या खेड्यात बसून तो वाचता आला. आणि रामन यांनी ज्याचं विज्ञान शोधलं ती शाई बसवणारे, लोखंडाचा कीस घोटून थरावर थर चढवणारे कारागीर तर त्यांच्याही आधी कित्येक पिढ्या होऊन गेले. त्यांची नावं कुठेच नाहीत. रेघेवर सारख्या अंतराने उभे राहिलेले शेंडे ही त्यांची कमाई आहे.

आता घरांबद्दल, म्हणजे पुडीच्या कडेवरच्या ताणाच्या जागांबद्दल. पुडीच्या कडेला गजरा असतो, चामड्याच्या वाद्यांखाली लाकडी गठ्ठे असतात. गजऱ्यावर वरून हातोडीने ठोकलं की तिथलं घर चढतं, खालून ठोकलं की उतरतं. सगळी घरं एका ताणात आली तरच पुडी बोलते. एकदा आबाजींनी थाप मारली आणि रेघेवर दुसऱ्या खुणेजवळ एकाऐवजी दोन शेंडे दिसले, अगदी खेटून. “हे दोन कावून?” त्यांनी विचारलं. मला ठाऊक नव्हतं. कानाला फक्त नाद किंचित थरथरल्यासारखा वाटत होता, तोही मला, त्यांना नाही. त्यांनी एका घरावर हलकेच ठोकलं. शेंडे आणखी दूर गेले. त्यांनी मृदंग फिरवला, दुसऱ्या घरावर ठोकलं. शेंडे जवळ आले. मग एका बोटाने कडेच्या चाटीवर हलकेच वाजवत, पडद्याकडे पाहत, एकेक घर करत ते पुढे गेले, आणि दोन शेंड्यांचा एक झाला. नाद थरथरायचा थांबला. कारण मी नंतर वाचलं. पुडी सगळीकडून सारखी ताणलेली असेल तर काही कंपनं जोडीने एकाच स्वरावर असतात. ताण विषम झाला की जोडी फुटते. आबाजींना ते वाचायची गरज पडली नाही. त्यांनी रेघेवरून जे शोधलं तेच पन्नास वर्षं ते कानाने करत आले होते, आणि मी पन्नास वेळा ते शेजारी बसून पाहूनही काही शिकलो नव्हतो.

त्यानंतर माझी नोकरीही बदलली. फॉर्म आणि तक्ते सोडून आवाजाच्या कामाकडे वळलो. वाचन वाढलं तसतसं आपल्याआधी या वाटेवर किती जण चालून गेले आहेत ते दिसत गेलं. मुंबईच्या एनसीपीएमध्ये सुवर्णलता राव आणि ॲम्स्टरडॅम विद्यापीठाचे विम व्हॅन डर मीर यांनी ‘म्युझिक इन मोशन’ हे काम उभं केलं आहे. मोठ्या गायक-वादकांचा राग चालू असताना स्वराची वळणं पडद्यावर रेघेने सरकत जातात. मींड म्हणजे काय, हे मला तिथे डोळ्यांनी कळलं, आणि मग कानांनी. त्याही आधी, १९८० च्या दशकात, बर्नार्ड बेल यांनी स्वराची हालचाल टिपणारं यंत्र बांधलं होतं. हेच बेल पुढे गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांच्याबरोबर महाराष्ट्रातल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करत हिंडले. आयआयटी मुंबईत प्रीती राव यांच्या गटाने गाण्यातून स्वर वेगळा काढण्यावर वर्षानुवर्षं संशोधन केलं आहे. यांतल्या कुणालाही मी भेटलेलो नाही, आणि त्यांच्या कामाशिवाय माझं एक पाऊलही पुढे पडलं नसतं.

आता गावात दर रविवारी पोरांचा मृदंगाचा वर्ग भरतो. आबाजी शिकवतात, त्यांना ऐकू कमी येतं म्हणून पोरं मोठ्याने बोलतात. रेघेचं पान एका जुन्या फोनवर आहे. एकदा उघडलं की रेंज गेली तरी चालतं, कारण सगळा हिशेब फोनच्या आतच होतो, आवाज बाहेर कुठेही जात नाही. आधी बोट लावून परवानगी दिल्याशिवाय ब्राउझर मायक्रोफोन उघडत नाही, हेही मला फार मोलाचं वाटतं. पोरं धुम्याला कणीक लावतात तेव्हा डावीकडचा शेंडा चिमटीचिमटीने खाली सरकताना दिसतो, आणि तो उजव्या पुडीच्या षड्जाच्या बरोबर निम्म्यावर, खर्जाच्या खुणेवर आला की हात थांबतात. आबाजींचा नियम असा आहे की आधी कानाने लावायचं, मग रेघ पाहायची. फोन तोवर पालथा ठेवलेला असतो. त्यांना स्वतःला मात्र आधी रेघ पाहायची सवलत आहे, आणि ती ते संकोच न करता घेतात.

गेल्या दिवाळीत त्यांनी मला टाळांची एक जुनी जोडी दिली आणि विचारलं, याची रेघ निघते का? अजून निघालेली नाही. काशाच्या वाटीचे उपस्वर मृदंगासारखे रांगेत येत नाहीत, विस्कळीत येतात आणि खूप वेळ टिकतात. त्यातून जोडीतल्या दोन वाट्यांचे स्वर अगदी एकसारखे नसतात, थोडा फरक असतो, म्हणूनच टाळाचा नाद लहरतो. तो फरक किती असला म्हणजे जोडी चांगली, हे आबाजींना पक्कं माहीत आहे, पण त्यांना आता तो ऐकू येत नाही आणि मला अजून तो दिसत नाही. सध्या मी एकेक वाटी दोरीला टांगून, लाकडी काडीने हलकेच वाजवून, प्रत्येकीचे शेंडे वेगवेगळे उतरवून घेतो आहे. आबाजींनी आणखी तीन घरांतून टाळ मागवून ठेवले आहेत.